डिस्ट्रो फुकटची की वर्गणीची? पैसे नेमके कशाचे मोजतो आपण?

सर्व्हरसखा

सेंटओएस ७, म्हणजे रेड हॅटच्या विकतच्या लिनक्सची फुकट प्रत, तिचे अपडेट ३० जून २०२४ ला कायमचे थांबले. त्याच्या आधीपासून आमच्या टीममध्ये एकच वाद चालू आहे: जुने सर्व्हर आता कशावर न्यायचे? एक गट म्हणतो, लिनक्स मुक्त आहे, सोर्स (मूळ कोड) उघडा आहे, मग सबस्क्रिप्शनचे पैसे कशासाठी? दुसरा म्हणतो, फुकटच्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या तयार बांधून दिलेल्या संचावर) कामकाज ठेवणं म्हणजे जबाबदारी झटकणं. मला दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे खोडायला बरं. रेड हॅट, सूसे, कॅनॉनिकल यांपैकी कोणाकडूनही घेतलं, तरी आत जे असतं ते बहुतांशी फेडोरा, ओपनसूसे, डेबियनमध्येही असतंच. तोच कर्नल (प्रणालीचा गाभा), तीच जीलिबसी ही मूळ लायब्ररी, तोच सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी. आपण पैसे मोजतो ते वर्षांचे. आज बसवलेला सर्व्हर त्याच मुख्य आवृत्तीवर ठेवून पुढे किती वर्षं सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) मिळत राहतील, हे कोणीतरी लेखी कबूल करतं, त्याची ती किंमत.

आरएचईएल, म्हणजे रेड हॅटचं विकतचं एंटरप्राइझ लिनक्स, त्याच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला दहा वर्षं मिळतात. कॅनॉनिकलच्या उबंटूत एलटीएसला, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला, पाच वर्षं फुकट, पुढची पाच उबंटू प्रो या वर्गणीत. डेबियनमध्ये सुरक्षा टीम साधारण तीन वर्षं सांभाळते, मग एलटीएस टीम पाच वर्षांपर्यंत नेते, तेही फुकट. त्यापुढे हवं असेल तर फ्रीक्सियन ही कंपनी पैसे घेऊन पुरवते.

त्यामुळे 'फुकट की विकत' हा प्रश्न मी दुसरा धरतो. पहिला प्रश्न असा की हे मशीन किती वर्षं न हलवता चालवायचं आहे, आणि त्या काळात पॅच बनवणारा माणूस कोणाच्या पगारावर असणार आहे. ज्यांनी दोन्हीकडे काम केलंय त्यांचे अनुभव ऐकायचे आहेत.

खिडकीबाहेर

घरच्या डेस्कटॉपला हा वर्षांचा हिशोब फारसा लागू होत नाही. माझ्या लॅपटॉपवर मिंट आहे, दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती आली की मी वर चढते. मिंट देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं आणि कोणत्या महिन्यात किती जमले ते उघडपणे मांडतं. मी दरवर्षी थोडे पाठवते.

पण डेस्कटॉपवर सरळ विकणारेही आहेत. झोरिनची कोअर आवृत्ती फुकट, प्रो विकत. प्रोमध्ये जास्तीचे लेआउट, आधीच बसवलेली जास्तीची ॲप्स आणि इन्स्टॉल करताना मदत. एलिमेंटरीच्या डाउनलोडच्या पानावर रक्कम आपण ठरवायची, शून्यही चालतं. काही लोक याला मुक्त सॉफ्टवेअरशी गद्दारी म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे खुद्द रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये त्यांच्या ईमॅक्स या एडिटरची टेप १५० डॉलरला पाठवायचे. विकायला परवान्याची मनाई कधीच नव्हती. घेणाऱ्याला सोर्स मिळतो, तो बदलता येतो आणि पुढे देता येतो, एवढं शाबूत असलं की माझी तक्रार नाही.

पॅकेजकार

वर्षांचे पैसे हे बरोबर, पण त्या वर्षांत आत काय चालतं हे पाहिल्याशिवाय किंमत कळत नाही. मी एका फुकट डिस्ट्रोसाठी काही पॅकेजेस सांभाळतो, म्हणून एक उदाहरण जरा आत शिरून सांगतो.

आरएचईएल ६ आलं नोव्हेंबर २०१० मध्ये, कर्नल २.६.३२ घेऊन. तो कर्नल डिसेंबर २००९ चा. कर्नल बनवणाऱ्यांनी स्वतः त्याचा सांभाळ २०१६ मध्ये सोडून दिला. मग जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन उजेडात आलं. प्रोसेसरच्याच रचनेतला दोष. साधा प्रोग्रॅम कर्नलची मेमरी वाचू शकत होता. उपाय म्हणजे कर्नलची आणि प्रोग्रॅमची पेज टेबलं (मेमरीचे नकाशे) वेगळी करायची. हे काम मुख्य कर्नलमध्ये ४.१५ मध्ये आलं, आणि तिथून सांभाळात असलेल्या ४.१४, ४.९, ४.४ मध्ये मागे नेलं गेलं.

आता २.६.३२ चं काय? पॅच उचलून तिथे चिकटवता येत नाही. सिस्टम कॉलमध्ये (प्रोग्रॅमने कर्नलला घातलेल्या हाकेत) शिरण्या-निघण्याचा असेंब्ली कोड मधल्या आठ वर्षांत पार बदललाय. ज्या फंक्शनमध्ये दुरुस्ती करायची ती फंक्शनंच जुन्या कर्नलमध्ये त्या रूपात नाहीत. म्हणून कोणीतरी बसून तीच कल्पना जुन्या रचनेत नव्याने लिहायची. वर बाहेरच्या ड्रायव्हरवाल्यांनी कर्नलमधल्या ज्या सिम्बॉलवर (फंक्शनांच्या नावांवर) भरवसा ठेवलाय ते हलवायचे नाहीत. मग ते वेग किती घटवतं हे मोजायचं, आणि हजारो ग्राहकांच्या मशीनवर एका अपडेटमधून पोचवायचं. रेड हॅटने हे २.६.३२ वर केलं. याला बॅकपोर्ट म्हणतात, आणि सबस्क्रिप्शनचा मोठा वाटा इथे खर्च होतो.

पण पुढचं ऐका. त्याच जानेवारीत डेबियनच्या एलटीएस टीमने व्हीझी या त्यांच्या जुन्या आवृत्तीच्या ३.२ कर्नलमध्येही तीच दुरुस्ती आणली, आणि ती सगळ्यांना फुकट मिळाली. कशी? त्या टीममधल्या लोकांना तासांप्रमाणे पैसे मिळतात, आणि ते पैसे फ्रीक्सियनमार्फत वर्गणी भरणाऱ्या कंपन्यांकडून येतात. म्हणजे फुकटच्या डिस्ट्रोतला तो पॅचही कोणीतरी पैसे मोजूनच बनवून घेतला होता. फरक एवढाच की भरणारे थोडे आणि वापरणारे सगळे.

एक गोष्ट अजून. २०२३ मध्ये जाहीर झालं की मुख्य कर्नलच्या एलटीएस आवृत्त्या सहा वर्षांऐवजी दोन वर्षं सांभाळल्या जातील. कारण सरळ होतं: सांभाळणारे थकले होते आणि इतक्या जुन्या आवृत्त्या फार थोडे वापरत होते. तेव्हा जो कोणी दहा वर्षांचं आश्वासन देतो, त्यातला बराच काळ त्याला स्वतःच्या माणसांवर काढावा लागतो.

विदाधर

पॅकेजकार, मेल्टडाउनचं उदाहरण आवडलं. हे एकदा कोणीतरी नीट लिहायला हवं होतं.

माझी बाजू डेटाबेसची. आमच्याकडे हा वाद होतच नाही, कारण निर्णय वरच्या सॉफ्टवेअरने घेतलेला असतो. एसएपीचा हाना डेटाबेस चालवायचा तर सूसे किंवा आरएचईएल. ओरॅकल डेटाबेसची प्रमाणित यादीही आरएचईएल, सूसे आणि त्यांचं स्वतःचं ओरॅकल लिनक्स अशीच आहे. डेबियनवर तो चालवून दाखवणारे लोक आहेत, पण मध्यरात्री डेटाबेस पडला आणि तुम्ही कंपनीकडे तक्रारीचं तिकीट काढलं की पहिला प्रश्न येतो, ओएस कोणती? यादीबाहेरचं नाव सांगितलं की ते तिकीट तिथेच अडकतं.

ओरॅकल लिनक्सचा मामला मात्र वेगळा आहे. डाउनलोड फुकट, अपडेट फुकट, प्रॉडक्शनमध्ये वापरणंही फुकट. सपोर्ट हवा असेल तर पैसे. त्या कंपनीबद्दल कोणाचं काहीही मत असो, ही रचना मला स्वच्छ वाटते.

तपासनीस

मी सुरक्षा ऑडिट करते, त्यामुळे दोन्ही प्रकारचे सर्व्हर माझ्या हाताखालून जातात. 'विकतची ती सुरक्षित, फुकटची ती असुरक्षित' हे वाक्य मी अहवालात लिहूच देत नाही.

१ जुलै २०२४ चं उदाहरण घ्या. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएचमध्ये रिग्रेश नावाची त्रुटी जाहीर झाली, लॉगिन न करता रूट (मशीनचा पूर्ण ताबा) मिळवून देऊ शकणारी. ती ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत होती. २००६ मध्ये बुजवलेलं भोक ८.५ मध्ये पुन्हा उघडलं गेलं होतं. आरएचईएल ९ मध्ये ८.७, म्हणजे बाधित. डेबियन १२ मध्ये ९.२, म्हणजे बाधित. आरएचईएल ८ मध्ये ८.० आणि डेबियन ११ मध्ये ८.४, दोघांनाही झळ नाही. डेबियन १२ चा पॅच जाहीर झाला त्याच दिवशी आला. मोठ्या डिस्ट्रोंच्या सुरक्षा टीमना अशा बातम्या एका बंद मेलिंग लिस्टवर आधी मिळतात, तिथे गुपित जास्तीत जास्त चौदा दिवस ठेवता येतं, आणि त्या लिस्टवर विकतवाले आणि फुकटवाले शेजारी शेजारी असतात.

मग पैशाने काय मिळतं? माझ्या कामात दोन गोष्टी ठळक दिसतात. एक म्हणजे प्रमाणपत्रं. एफआयपीएस १४० (एनक्रिप्शनसाठीचं अमेरिकी सरकारी मानक) सारखं प्रमाणपत्र विशिष्ट बिल्डला, म्हणजे कंपाइल केलेल्या त्याच प्रतीला, मिळतं. तोच सोर्स दुसऱ्याने कंपाइल केला तर प्रमाणपत्र त्याच्यामागे चालत येत नाही, त्याला स्वतःची तपासणी करून घ्यावी लागते. ज्यांच्या करारातच ती अट आहे त्यांच्यापुढे फारसा पर्याय नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नीट लिहिलेली नोंद. स्कॅनर आवृत्तीचा आकडा पाहतो आणि 'जुनं आहे' म्हणून लाल शेरा मारतो. बॅकपोर्ट केलेल्या पॅकेजचा आकडा जुनाच असतो, दुरुस्ती मात्र आत असते. अशा वेळी मी पॅकेजचा चेंजलॉग उघडते आणि त्यात त्या सीव्हीईचा (त्रुटीच्या जाहीर नोंदीचा) क्रमांक शोधते. रेड हॅट, सूसे, उबंटू, डेबियन, सगळ्यांकडे सीव्हीईवार पानं आहेत आणि डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर तर मला सर्वांत सरळ वाटतो. छोट्या, हौशी डिस्ट्रोंकडे हे नसतं आणि मग 'पॅच आहे' हे सिद्ध करायला दिवस जातात. घेताना हे पान आहे की नाही ते बघा, असं मी प्रत्येकाला सांगते.

अक्षरशः

इथपर्यंत सगळे शांतपणे बोलताहेत, पण मुख्य दुखणं अजून आलंच नाही. ते मांडतो.

८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८ चा शेवट २०२१ अखेर होईल. आधी सांगितलं होतं २०२९. लोकांनी त्या तारखेच्या भरवशावर सर्व्हर उभे केले होते. ती जागा भरायला मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आलं, जूनमध्ये रॉकी. मग २१ जून २०२३ ला दुसरी घोषणा झाली: आरएचईएलचा सोर्स यापुढे सर्वांसाठी उघडा ठेवला जाणार नाही, जगासाठी सेंटओएस स्ट्रीम (आरएचईएलच्या पुढे चालणारी शाखा) आणि बाकीचं ग्राहकांच्या पोर्टलवर.

कायद्याच्या नजरेने बघा. लिनक्स कर्नल ज्या मुक्त परवान्याखाली आहे त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स कोणाला द्यायचा? ज्याला बायनरी (चालवायला तयार प्रोग्रॅम) दिली त्याला. ग्राहकाला तो मिळतो, म्हणजे ती अट पाळली. त्याच परवान्याचं सहावं कलम म्हणतं, घेणाऱ्याला जे हक्क मिळाले त्यांवर आणखी बंधनं घालायची नाहीत. म्हणजे ग्राहकाने तो सोर्स पुढे दिला तर परवाना त्याच्या पाठीशी उभा आहे. पण सबस्क्रिप्शनचा करार वेगळा कागद आहे. त्यानुसार सेवेतून मिळालेलं बाहेर वाटलं तर कंपनी ग्राहकाशी संबंध तोडू शकते. हक्क तुमचाच आहे. तो वापरलात की पुढचा पॅच येणार नाही. शेकडो मशीन सांभाळणारा कोणता ॲडमिन ही जोखीम अंगावर घेईल?

हे पूर्वीही झालंय. ग्रसिक्युरिटीने कर्नलवरचे त्यांचे कडेकोट पॅच २०१७ पासून फक्त ग्राहकांना द्यायला सुरुवात केली, कराराची तऱ्हा अशीच. मला हे कायद्यात बसतं की नाही यापेक्षा मनाला लागतं ते वेगळं. ज्या कर्नलवर हजारो लोकांनी काम केलं, ते पुढे वाटता यावं म्हणूनच त्यांनी हा परवाना निवडला. १९९२ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्सने लिनक्स जीपीएलखाली आणलं, त्याआधीच्या त्याच्या परवान्यात तर पैसे घेऊन वाटायलाच मनाई होती. म्हणजे विकायची मुभा जीपीएलमुळेच मिळाली. ती मुभा घेऊन उभा राहिलेल्या धंद्याने वाटण्यावर दडपण आणावं, हे मला फार खटकतं.

पैसे घ्यायला माझा विरोध नाही. खुशाल घ्या. पण ज्याने पैसे भरले त्याला गप्प राहायची अट नको.

टर्मिनलवर

अक्षरशः, शब्दाशब्दाशी सहमत.

सर्व्हरसखा

कराराबद्दलची नाराजी माझीही आहे. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. कर्नल, जीसीसी हा कंपायलर, जीलिबसी, सिस्टमडी, नोम हा डेस्कटॉप, यांत रेड हॅटच्या पगारावरचे लोक वर्षानुवर्षं काम करताहेत आणि ते काम आधी मुख्य प्रकल्पात जातं, तिथून आपल्या सगळ्यांच्या डिस्ट्रोत येतं. आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला ती कंपनी घेतली, तेव्हा तिथे विकाऊ होतं ते हे सांभाळायचं कौशल्य आणि ग्राहकांचा भरवसा. जसंच्या तसं पुन्हा कंपाइल करून त्याच ग्राहकाला स्वस्त सपोर्ट विकणाऱ्याने त्या कामात भर काय घातली, हा त्यांचा सवाल अगदीच टाकाऊ नाही.

आणि २०२३ नंतर जे झालं ते बघा. अल्मालिनक्सने हुबेहूब प्रत व्हायचं सोडलं आणि सुसंगत राहू असं ठरवलं. त्यामुळे ते आता एखादा बग रेड हॅटच्या आधीही दुरुस्त करू शकतात. रॉकीने सोर्स कंटेनर इमेजेस आणि क्लाउडवरच्या तासावारी मशीनमधून मिळवायचा मार्ग धरला. ओरॅकल, सूसे आणि रॉकीमागची सीआयक्यू ही कंपनी यांनी मिळून २०२३ च्या ऑगस्टमध्येच ओपनईएलए ही असा सोर्स पुरवणारी संघटना काढली. म्हणजे वाट बंद झाली नाही, लांबची झाली.

सेंटओएस ८ वरून मी मात्र एक धडा घेतला. २०२९ ही तारीख आमच्याशी कोणी कबूल केलेली नव्हती. कागद नव्हता, करार नव्हता. आम्ही एका वेबपानावरची तारीख नियोजनात धरली होती.

जुनीडिस्क

पैसे मागायचे तर कशाचे, हा प्रश्न लिनक्सच्या जगात चुकतमाकतच सुटलेला आहे. थोडा इतिहास.

नव्वदच्या दशकात डिस्ट्रो खोक्यात मिळायची. सीड्या, जाडजूड मॅन्युअल आणि इन्स्टॉल करताना थोडी मदत. इंटरनेट मंद होतं तोवर सीडीला किंमत होती. डाउनलोड सोपं झालं तशी खोक्याची गरज संपली, कारण आतला माल तर सगळ्यांना उघडा होता. मँड्रेक ही वापरायला सोपी, लोकांची लाडकी डिस्ट्रो. तिने सभासदांचा क्लब काढून पाहिला, तरी जानेवारी २००३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीपासून संरक्षण मागावं लागलं. त्यातून बाहेर आली, २००५ मध्ये कनेक्टिव्हाशी मिळून मँड्रिव्हा झाली, २०१५ मध्ये अखेर बंद. तिच्या लोकांनी २०१० मध्येच काढलेलं मजिया मात्र स्वयंसेवकांच्या बळावर टिकलंय. लिंडोजने दुकान वेगळं मांडलं: ॲप्स एका क्लिकवर, त्याची वार्षिक वर्गणी. मायक्रोसॉफ्टशी नावावरून खटला झाला, २००४ मध्ये तडजोडीत २ कोटी डॉलर घेऊन नाव लिन्स्पायर केलं. तीही टिकली नाही.

रेड हॅटचा खोक्यातला शेवटचा रेड हॅट लिनक्स ९, मार्च २००३. त्यानंतर त्यांनी दोन वाटा केल्या: वेगाने बदलणारं फेडोरा फुकट, संथ चालणारं एंटरप्राइझ सबस्क्रिप्शनवर. तेव्हा आम्ही काही जण चिडलो होतो, घरचं माणूस परकं झाल्यासारखं वाटलं होतं. आज मागे वळून बघताना दिसतं की जे तरले त्यांनी न बदलण्याचे पैसे घेतले. नवीन वैशिष्ट्यांचे पैसे घेणारे जवळजवळ सगळे बुडाले, कारण नवीन वैशिष्ट्य सहा महिन्यांत फुकटच्या डिस्ट्रोत येतंच.

रात्रपाळी

सपोर्टबद्दल कोणीतरी बोलायलाच हवं, कारण विक्रीच्या कागदावर तो शब्द सर्वांत मोठ्या अक्षरात असतो.

मी वर्षानुवर्षं रात्रीची पाळी केली आहे. एका ठिकाणी वर्गणी भरलेली होती, सगळ्यात वरची श्रेणी. स्टोरेजचा ड्रायव्हर अधूनमधून कर्नल पाडायचा. तिकीट काढलं. पहिल्या फळीने सॉसरिपोर्ट (मशीनच्या माहितीचा गठ्ठा) मागितला, दिला. पाळी बदलली, नव्या माणसाने तोच पुन्हा मागितला. मग अपडेट करून बघा. मग हार्डवेअरवाल्यांशी बोला. हार्डवेअरवाले म्हणाले, ओएसवाल्यांशी बोला. तोवर आम्हीच व्हीएमकोर (कर्नल पडला त्या क्षणीची मेमरीची प्रत) उघडून कोणत्या फंक्शनमध्ये पडतंय ते शोधलं होतं.

पण तो व्हीएमकोर वरच्या फळीतल्या इंजिनियरच्या हाती पडला, आणि मग चित्र पालटलं. त्याने दोन नेमके प्रश्न विचारले, आमच्यासाठी चाचणीचा कर्नल बनवून दिला, तो टिकला, आणि काही आठवड्यांनी तीच दुरुस्ती नियमित अपडेटमध्ये आली. मुख्य कर्नलमध्येही गेली. एखाद्या फुकट डिस्ट्रोच्या बगट्रॅकरवर कोणी आमच्यासाठी त्या जुन्या कर्नलवर इतकं खपलं असतं का? मला वाटत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवायचा आम्हाला हक्कही नसता.

तेव्हा सपोर्ट घेताना स्वतःला विचारा, व्हीएमकोर उघडणारं माणूस आपल्याकडे आहे का? नसेल, तर तुम्ही बहुधा पहिल्या फळीशीच बोलत राहाल आणि ती उत्तरं इंटरनेटवरही मिळतात. असेल, तर सबस्क्रिप्शन सोनं आहे, कारण तुमचं माणूस आणि त्यांचं माणूस एकाच भाषेत बोलतात. ज्यांच्याकडे कोणीच जाणकार नाही त्यांनी सपोर्ट घ्यावा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. माझा अनुभव उलटा आहे.

तळटीप

आमची छोटी संस्था. आयटीला वेगळी रक्कम नसते, असलेल्यातून भागवायचं. एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवायला प्रॉक्समॉक्स वापरतो, खाली डेबियन. प्रॉक्समॉक्सचं सगळं एजीपीएल या मुक्त परवान्याखाली उघडं आहे. सबस्क्रिप्शन नसेल तर लॉगिन केल्यावर एक खिडकी येते, 'वैध सबस्क्रिप्शन नाही', ओके दाबायचं आणि पुढे. अपडेट वेगळ्या रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या कोठारातून) घ्यायचे, जिथे पॅकेजेस आधी येतात आणि तपासणी तुलनेने कमी झालेली असते. एंटरप्राइझवाल्यांना तेच थोडं मुरल्यावर मिळतं.

ती खिडकी काढून टाकायच्या स्क्रिप्ट जागोजाग फिरताहेत. मला त्या बघून वाईट वाटतं. ज्यांनी काहीही न लपवता पूर्ण प्रणाली हातात दिली, त्यांनी दिवसातून एकदा आठवण करून दिली तर बिघडलं काय? आम्ही यंदा एका सॉकेटची (एका प्रोसेसरची) सर्वांत लहान वर्गणी घेतली.

उबंटूचं मात्र एक माहीत असू द्या. 'पाच वर्षं फुकट' हे मुख्यतः मेन रिपॉझिटरीचं आश्वासन आहे. कॅनॉनिकलच्याच आकड्यांनुसार मेनमध्ये सुमारे २,३०० पॅकेजेस आणि युनिव्हर्समध्ये सुमारे २३,०००. युनिव्हर्सचा सांभाळ समुदायावर, आणि त्याचे हमखास सुरक्षा अपडेट हवे तर उबंटू प्रो जोडायचं. अपडेट करताना टर्मिनलवर ईएसएमबद्दलची (वाढीव सुरक्षा सांभाळाबद्दलची) जी ओळ दिसते ती हीच. पाच मशीनपर्यंत प्रो फुकट आहे, आमच्यासारख्यांचं तेवढ्यात भागतं. रेड हॅटचंही व्यक्तींसाठी सोळा मशीनपर्यंतचं फुकट डेव्हलपर सबस्क्रिप्शन आहे, २०२१ पासून प्रॉडक्शनलाही चालतं.

पॅकेजकार

तळटीप, वर्गणी घेतलीत हे वाचून मनापासून बरं वाटलं.

सगळेच डिस्ट्रोपुरतं बोलताहेत, पण डिस्ट्रो वरचा थर आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड हे भोक उजेडात आलं तेव्हा डेबियन ७ बाधित होतं आणि आरएचईएल ६.५ सुद्धा. पैसे भरणारे आणि न भरणारे एकाच रात्री सर्टिफिकेटं बदलत होते. ओपनएसएसएलवर अर्धं जग चालत होतं आणि त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या २,००० डॉलरच्या आसपास होत्या. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड, फायली दाबून लहान करणारी लायब्ररी. एकटा थकलेला सांभाळणारा, त्याचा विश्वास कमावत दोन-अडीच वर्षं नेटाने काम करणारा एक अनोळखी सहकारी, आणि मग ५.६.० मध्ये घुसवलेलं मागचं दार. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं ते एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. फेडोराची येऊ घातलेली आवृत्ती, डेबियनची अस्थिर शाखा, ओपनसूसेचं टंबलवीड, इथपर्यंत ते पोचलं होतं. काही महिने निसटलं असतं तर उबंटूच्या पुढच्या एलटीएसमध्ये आणि कालांतराने विकतच्या डिस्ट्रोंतही गेलं असतं.

सबस्क्रिप्शनचा पैसा रेड हॅटच्या माणसांपर्यंत पोचतो, एलटीएसचा डेबियनच्या माणसांपर्यंत. एक्सझेडच्या त्या माणसापर्यंत कोणताच पोचत नव्हता. तुमच्या प्रणालीत कोणती लायब्ररी कोण सांभाळतं याची यादी काढा, त्यातल्या दोघांना तरी थेट काहीतरी द्या. पैसे नसतील तर बग नीट लिहून पाठवा, किंवा पॅच तपासून द्या.

सर्व्हरसखा

सगळ्यांचे आभार. इथलं बरंचसं मी टीमपुढे ठेवलं आणि आमचं ठरलं ते असं. डेटाबेसची मशीन सबस्क्रिप्शनवर, कारण विदाधर म्हणतात तशी वरची यादीच तशी आहे. वेब, मेल, बिल्ड, मॉनिटरिंग, सगळं डेबियनवर, दर आवृत्तीला वर चढायचं, पाच वर्षं थांबायचं नाही. वाचलेल्या रकमेतला ठरावीक भाग डेबियन एलटीएसला दरवर्षी, अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ घालून, म्हणजे पुढचा व्यवस्थापक ती सहज खोडणार नाही. अक्षरशः यांचा मुद्दा कायदा विभागाकडे लेखी दिलाय: करार वाढवताना सोर्स वाटण्याबद्दलचं कलम वाचूनच सही करायची.

काही सेंटओएस ७ मशीन अजून उरली आहेत. ती जागेवरच बदलावीत की नव्याने उभारावीत?

रात्रपाळी

नव्याने. ७ वरून जागेवर ८, मग ९, असं लीप या साधनाने किंवा अल्माच्या एलिव्हेटने जाता येतं, पण जुन्या मशीनवर कोणी कधी कुठून काय कंपाइल करून ठेवलंय ते तेव्हाच उघडं पडतं. ८ वरून त्याच आवृत्तीच्या अल्मा किंवा रॉकीवर जाणं सोपं, त्यांच्या स्क्रिप्ट रिपॉझिटरी आणि पॅकेजेस बदलतात, बाकी जागच्या जागी राहतं.

उभारण्याआधी प्रत्येक मशीनवर बाहेरच्या रिपॉझिटरींची यादी काढा. ईपेल हे जास्तीच्या पॅकेजेसचं कोठार बहुतेक ठिकाणी सापडेल. त्याचा सांभाळ फेडोराचे स्वयंसेवक करतात, आरएचईएलच्या सबस्क्रिप्शनमध्येही ते येत नाही, आणि तुमचं मॉनिटरिंग एजंट हमखास तिथूनच आलेलं असतं.